गिटारचे लूप आणि तालवाद्य: घड्याळ कोणाच्या हाती असावे?

सहावी_तार (पुणे)

सप्रेम नमस्कार. मी आणि माझा एक मित्र गेली तीन वर्षे आधी काहीही न ठरवता अँबियंट धाटणीचे, म्हणजे संथ, वातावरण उभे करणारे संगीत वाजवतो. मी गिटार वाजवून तिचे तुकडे लूपरवर (वाजवलेला तुकडा मुद्रित करून तो पुन्हापुन्हा फिरवणारे, पायाने चालवायचे पेडल) एकावर एक चढवत जातो, आणि तो तालवाद्ये सांभाळतो. कहोन नावाचा बसून वाजवायचा लाकडी खोका, एक दिमडी, एक घटम आणि घुंगरांची माळ एवढा त्याचा संसार. हल्ली तो तबल्याची जोडीही आणू लागला आहे.

गेल्या महिन्यात साठेक श्रोत्यांसमोर आमचा तासाभराचा कार्यक्रम झाला. पहिला पाव तास मनासारखा गेला. त्यानंतर मी सोळा मात्रांचा एक लूप बांधला. मित्राच्या कानात मिनिटाला ६० ठोके देणारा मेट्रोनोम चालू होता, म्हणजे लूप बरोबर सोळा सेकंदांचा व्हायला हवा होता. लूपची फेरी मी नेहमीप्रमाणे पायाने बंद केली. पाच मिनिटांनी त्याचा हात आणि माझी गिटार यांत असे काही अंतर पडले की कोण कोणाच्या मागे चालला आहे हेच कळेना. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले आणि त्याने वाद्यावरचे हात उचलले. श्रोत्यांना तो मुद्दाम घेतलेला विराम वाटला. दोघांनी नंतर भेटून त्याचे कौतुक केले, तेव्हा कुठे तोंड लपवावे असे मला झाले होते.

घरी आल्यावर रेकॉर्डिंग संगणकावर उघडून मोजले. लूप १६.०५ सेकंदांचा निघाला. माझा पाय पन्नास मिलिसेकंद उशिरा पडला होता. एका फेरीत ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, पण वीस फेऱ्यांत ती पूर्ण एक सेकंद होते, आणि ६० च्या लयीत एक सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. घड्याळ लावून पाहिले तर ५ मिनिटे २१ सेकंद. नेमके तिथेच आमचे गाडे अडले होते.

यावर लूपर मेट्रोनोमला तारेने जोडून टाकावा असे एक मित्र सांगतो. त्यामुळे चूक राहणार नाही हे खरे, पण तसे करून पाहिले तेव्हा सगळे संगीत शिवणयंत्रावर घातल्यासारखे झाले. लय सैल ठेवायची, तालवाद्यही ठेवायचे आणि तरी एकमेकांपासून सुटायचे नाही, हे कोणी साधले असेल तर कसे साधले ते कृपया सविस्तर लिहावे.

डग्गा_उजवीकडे (सांगली)

मी डावखुरा तबलावादक आहे, लूपर मी फक्त दुसऱ्यांच्या पायाखाली पाहिला आहे. तरी लिहितो, कारण तुमचा प्रश्न यंत्राचा नसून साथसंगतीचा आहे.

तुमच्याकडे त्या दिवशी दोन घड्याळे होती. एक मित्राच्या कानात आणि दुसरे तुमच्या पेडलमध्ये. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुमचा मित्र तुमचा लूप ऐकून वाजवत असता तर पन्नास मिलिसेकंदांची चूक त्याने पहिल्याच फेरीत पचवली असती, कारण सोळा मात्रांत एवढासा फरक वाटून घेणे हे आमचे रोजचे काम आहे. गायक विलंबित ख्यालात समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, थोडा मागे-पुढे येतोच, आणि आम्ही काही त्याला घड्याळ दाखवत नाही. तो मेट्रोनोम काढून टाका, अर्धा प्रश्न तिथेच संपेल.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नासाठी एक भेद मनात पक्का करावा लागेल. आपल्याकडे सतत फिरत राहणारे सूर दोन प्रकारचे आहेत. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते. तो लेहरा म्हणजे तालाचे मोजमाप. त्याची सम म्हणजे आमची सम, आणि तो अर्ध्या मात्रेने जरी हलला तरी आमचा तुकडा समेवर येणार नाही. उलट तानपुरा पाहा. तोही फिरतच असतो, प-सा-सा-सा हे चार आघात गायनभर चालू असतात, पण त्याच्या फेऱ्याचा तालाशी काडीचाही संबंध नसतो. तानपुरा तबल्याच्या लयीत छेडू नये, असे शिष्याला पहिल्याच दिवशी सांगतात. तो लयीत गेला की गायकाचे लक्ष विचलित होते.

तुम्ही तानपुऱ्याचे काम लेहऱ्याकडून करून घेत होतात. लूप बांधण्याआधी स्वतःला विचारा की हा तानपुरा आहे की लेहरा आहे, आणि तानपुरा असेल तर त्याला सोळा मात्रांत बसवण्याच्या भानगडीत पडूच नका.

पायाबद्दलही एक गोष्ट सांगतो. सम ऐकून पाय ठेवला तर तो उशिराच पडणार, कारण सम तोवर होऊन गेलेली असते. आम्ही समेचा ‘धा’ ऐकून वाजवत नाही, हात आधीच निघालेला असतो. पेडल हे वाद्य समजा आणि तो आघात तुम्ही स्वतः द्या.

रीळ_आणि_फीत (बर्मिंगहॅम)

डग्गा यांचा तानपुऱ्याचा मुद्दा इतिहासालाही धरून आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आज पायाखाली मावणाऱ्या डबीत जे घडते ते आधी दोन टेपरेकॉर्डरवर घडत असे. पहिल्या यंत्रावर ध्वनी मुद्रित व्हायचा, तीच फीत पुढे ताणून दुसऱ्या यंत्रावर नेलेली असायची, तिथे तो वाजायचा आणि वाजलेला ध्वनी पुन्हा पहिल्या यंत्राकडे पाठवला जायचा. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने १९६३ साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या संगीताच्या निमित्ताने ही युक्ती प्रथम वापरली. १९७२ मध्ये अँबियंट संगीताचे प्रवर्तक ब्रायन ईनो यांनी रिव्हॉक्सचे दोन टेपरेकॉर्डर असेच जोडले आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी त्यांवर गिटार वाजवली. लूपवरच्या गिटारवादनाची आजची बरीचशी भाषा त्या प्रयोगातून आली आहे.

मी हौसेखातर अशी जोडणी घरी करून पाहिली. फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि दोन यंत्रांच्या हेडमध्ये (फितीला टेकून ध्वनी मुद्रित करणारा किंवा वाजवणारा भाग) एक मीटर अंतर ठेवले की ध्वनी साधारण सव्वापाच सेकंदांनी परत येतो. वेळ बदलायची तर टेबल सरकवायचे! मेट्रोनोमशी जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. खोली जेवढी लांब तेवढा लूप लांब. शिवाय फितीवर प्रत्येक फेरीत ध्वनी थोडा पुसट आणि थोडा गढूळ होत जाई, त्यामुळे जुने सूर आपोआप मागे सरत आणि नव्यांना जागा होई. आजच्या साध्या, एका बटणाच्या लूपरमध्ये पहिला सूर शंभराव्या फेरीलाही तेवढाच ठसठशीत राहतो. लूपवरचे बरेच वादन कंटाळवाणे होते त्याचे मूळ मला इथे दिसते.

हेच रायली १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांच्याकडे गाणे शिकू लागले. तानपुऱ्याच्या झंकारात तासन्‌तास बसणाऱ्या घराण्याकडे फितीचे लूप फिरवणारा माणूस जातो, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

तुम्हाला सरळ उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगून थांबतो. तुमच्या लूपरवर स्वतंत्र लांबीचे ट्रॅक ठेवता येत असतील तर एक सात सेकंदांचा, दुसरा अकराचा आणि तिसरा तेराचा ठेवून पाहा. प्रत्येकावर दोन-तीनच सूर असू द्या. हे तिन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला १००१ सेकंद लागतात, म्हणजे १६ मिनिटे ४१ सेकंद. तोवर सुरांची जुळणी सतत बदलत राहते, आणि वादकाला तालवाद्याकडे लक्ष द्यायला हात मोकळे मिळतात.

ख्याल_गेला_कुठे

सर्वांचे लेखन रोचक आहे, परंतु एक मूलभूत शंका मांडतो. एकदा वाजवलेला तुकडा यंत्र पुन्हापुन्हा वाजवत असेल तर त्याला उत्स्फूर्त वादन कसे म्हणावे? आणि ज्याकडे श्रोत्याने लक्ष दिले नाही तरी चालते, असे ज्याच्या प्रवर्तकांनीच म्हटले आहे, ते संगीत मंचावर तिकीट लावून ऐकवण्याचे प्रयोजन काय?

रीळ_आणि_फीत (बर्मिंगहॅम)

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. ईनो यांनी १९७८ मध्ये जी भूमिका मांडली तिचा रोख असा होता की हे संगीत दुर्लक्ष करण्याजोगे असावे आणि तितकेच लक्ष देण्याजोगेही. आपण पहिला अर्धाच उचलला आहे. देवळाच्या नगारखान्यातला चौघडा आठवावा. तो कोणा श्रोत्यासाठी वाजत नाही, तो त्या वेळेसाठी आणि त्या जागेसाठी वाजतो. तरी थांबून कान दिला तर वाजवणाऱ्याचा हात ओळखता येतो.

सहावी_तार (पुणे)

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण ती मलाही छळते. लूप चालू राहतो हे खरे, पण तो बांधताना पुढे काय होणार हे मला ठाऊक नसते आणि बांधून झाल्यावर तो माझ्याच मानगुटीवर बसतो. बाराव्या मिनिटाला चुकून लागलेला कोमल निषाद विसाव्या मिनिटालाही समोर उभा असतो. त्याला चूक म्हणायचे, की त्याच्याभोवती नवे सूर रचून तो पहिल्यापासूनच हवा होता असे भासवायचे, हा निर्णय तत्क्षणी घ्यावा लागतो. नेहमीच्या वादनात चुकीचा सूर निसटून जातो, इथे तो पाहुण्यासारखा मुक्कामाला येतो. माझ्या मते उत्स्फूर्ततेची कसोटी इथे अधिक कडक आहे.

डग्गा, तानपुरा आणि लेहरा हा भेद मला आधी कोणी का सांगितला नाही असे वाटले. कालच्या सरावात आम्ही मेट्रोनोम काढला आणि सात-अकरा-तेराचे लूप लावले. वीस मिनिटे सुरेख गेली. मात्र एक नवी अडचण आली: लूप पूर्णपणे लयहीन झाल्यावर माझ्या मित्राला धरायला काहीच राहिले नाही. तो घटमावर अधूनमधून एखादे बोट टाकून गप्प बसू लागला. तालवादकाला नुसते सजावटीला बसवून ठेवणे मला बरे वाटत नाही.

झीलकरी (सातारा)

धागा वाचत होतो, आता राहवले नाही. डग्गा यांच्या वर्गवारीत आमचे तुणतुणे कुठे बसते?

तुणतुण्याला एकच तार, एकच सूर. तेवढ्यापुरते ते तानपुऱ्यासारखे आहे. पण ते लयीत वाजते, आणि शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी ती लय सोडत नाही. तेवढ्यापुरते ते लेहऱ्यासारखे आहे. मात्र त्यात आवर्तन नाही आणि समही नाही. नुसते तुण् तुण् तुण्. त्यावर शाहीर चार मात्रांचा चौक (पोवाड्याचे कडवे) म्हणो की मध्येच थांबून गद्य सांगो, तुणतुण्याला फरक पडत नाही, कारण त्याचा फेरा मुळी एका ठोक्याएवढाच असतो. जागरणात दिमडी आणि तुणतुणे रात्रभर एकमेकांना धरून राहतात ते याच्याच जोरावर, आणि दिमडी तर तुमच्या मित्राकडे आहेच.

डग्गा_उजवीकडे (सांगली)

झीलकरी, मानले. माझी वर्गवारी दोन खणांची होती, ती तीन खणांची करतो.

तुम्ही म्हणता ते रागसंगीतातही आहे, मला ते सुचायला हवे होते. ध्रुपदाच्या आलापात सुरुवातीला लय जाणवत नाही, मग जोड सुरू झाला की आतून ठोका लागतो, पण ताल अजून नसतो आणि पखवाजही गप्प असतो. ठोका आहे, आवर्तन नाही, अशी ती अवस्था. सहावी_तार यांच्या मित्राला लूपमध्ये ही जोडाची अवस्था हवी आहे.

सहावी_तार (पुणे)

म्हणजे सोळा सेकंदांऐवजी दोन सेकंदांचा लूप?

झीलकरी (सातारा)

दोन किंवा त्याहून कमी. तारा तळव्याने दाबून एकच आघात घ्या, त्याचा सूर षड्ज ठेवा आणि तो फिरू द्या. तुमचा पाय पन्नास मिलिसेकंद चुकला तरी बिघडत नाही, कारण चुकलेला लूप हीच मग लय ठरते आणि मोजायला दुसरे काही नसते. त्यावर तुमच्या मित्राने पाच मोजावेत, सात मोजावेत, दहा मोजावेत, त्याची मर्जी.

फेडरवाली (ठाणे)

मी कार्यक्रमांचे ध्वनिसंयोजन करते. वरची चर्चा संगीताच्या अंगाने उत्तम चालली आहे, परंतु अशा जोड्या प्रत्यक्ष मंचावर कशामुळे कोसळतात ते मी मिक्सरमागून पुष्कळदा पाहिले आहे, आणि त्यात लयीपेक्षा विजेचा आणि हवेचा भाग मोठा असतो.

प्रथम थरांविषयी. लूपवर एकसारख्या जोराचे थर चढवत गेलात तर थरांची संख्या दुप्पट होईल तेव्हा ध्वनीची पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. आठ थर म्हणजे ९ डेसिबल. गिटारवादकाला ते कळत नाही, कारण तो त्या लाटेवर स्वार असतो. घटम वाजवणारा मात्र दर थराला अधिकाधिक जोरात वाजवू लागतो, त्याची बोटे दुखतात आणि नाजूक काम संपते. म्हणून दुसऱ्या थरापासून प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा हलका वाजवावा. गिटार आणि लूपर यांच्या मध्ये खर्ज कापणारी एखादी सोय असेल तर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचे काढून टाकावे. ती जागा डग्ग्याची किंवा कहोनची आहे. लूपचा गढूळपणा बहुधा २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात साचतो, तिथेही थोडी कात्री चालवावी.

वर रीळ_आणि_फीत यांनी पुसट होत जाणाऱ्या फितीचा उल्लेख केला. मधल्या किमतीच्या लूपरवर ही सोय फीडबॅक किंवा डिके या नावाने असते. हा फीडबॅक म्हणजे माइक शिट्टी मारतो तो नव्हे, जुना थर पुढच्या फेरीत किती उरावा याचे ते प्रमाण आहे. ते ८० टक्क्यांवर ठेवले तर तिसऱ्या फेरीच्या शेवटी थर जवळजवळ निम्मा उरतो आणि दहाव्या फेरीच्या शेवटी साधारण दहावा भाग. श्रोत्याला तो गेल्याचे कळतही नाही. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी लूपरऐवजी लांब वेळ देणारे डिले पेडल (ध्वनी ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारे) वापरून पाहावे.

आता सांध्याविषयी. लूप जिथे संपून पुन्हा सुरू होतो तिथे एक सांधा असतो, आणि तो कानाला कळला की तालवादक त्याला नकळत सम समजू लागतो. सहावी_तार, तुमच्या त्या सोळा सेकंदांच्या लूपमध्येही तेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. सांधा ऐकू येण्याचे मुख्य कारण असे की शेवटच्या सुराची घुमत राहिलेली शेपूट फेरी बंद होताच कापली जाते आणि नवी फेरी कोरडी सुरू होते. उपाय सोपा आहे. फेरी बंद करताना लूपर थेट वादनावर न जाता पुढचा थर मुद्रित करू लागेल अशी निवड अनेक यंत्रांत असते. ती करावी, शेवटचा सूर तसाच घुमू द्यावा, त्याची शेपूट दुसऱ्या फेरीच्या आरंभावर आपोआप मुद्रित होते, आणि ती विरली की मग पुन्हा पाय द्यावा. व्हॉल्यूम पेडलने आघात झाकून सूर आत आणला तर सांधा शोधूनही सापडत नाही.

शेवटी तालवाद्याचा माइक. तालवाद्यही लूपवर घ्यायचे असेल तर त्या माइकसमोर मॉनिटर स्पीकर ठेवू नका. स्पीकरमधून येणारा जुना लूप माइकमध्ये शिरतो, नव्या थराबरोबर पुन्हा मुद्रित होतो, आणि चार-पाच फेऱ्यांत सगळ्याचा चिखल होऊन शेवटी शिट्टी सुटते. मी एकदा हे घडताना पाहिले. वादकाला वाटले की बिघाड लूपरमध्ये आहे, म्हणून त्याने घाईघाईने आणखी एक थर चढवला. तेव्हापासून मी अशा वादकांना हेडफोन देते आणि वाद्याच्या अंगावर चिकटवायचा पिझो माइक लावते. घटमाला तो छान लागतो, तबल्याला मात्र नाही. तबल्याचा नाद पिझोवर पत्र्याच्या डब्यासारखा येतो, त्याला जवळ धरलेला साधा डायनॅमिक माइकच बरा.

आणि कृपया सगळी पेडले एकाच स्वस्त अडॅप्टरवर माळेसारखी जोडू नका. त्याची गुणगुण प्रत्येक थरात मुद्रित होते, आणि आठ थरांनंतर तीच तुमचा तानपुरा होते.

मांडवीकाठ (पणजी)

फेडरवाली यांच्या शेवटच्या वाक्याला दाद.

तालवाद्याच्या निवडीबद्दल एक सुचवतो. आमच्या गोव्यात आरतीला जे घुमट वाजते ते या कामासाठीच घडवले आहे असे मला वाटते. मातीच्या घड्याला दोन तोंडे असतात. मोठ्यावर कातडे ताणलेले असते आणि लहान उघडे असते. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचे आणि डाव्या हाताच्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत राहायचे, की त्याच आघाताचा खर्ज वर-खाली सरकतो. पूर्वी कातडे घोरपडीचे असे, ते वन्यजीव कायद्यामुळे बंद झाले. आता बकऱ्याचे वापरतात, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला.

आरतीत ते शामेळ नावाचे तालवाद्य आणि कांसाळी (झांजा) यांच्या गजरात वाजते, त्यामुळे त्याचा हळू आवाज फारसा कोणी ऐकलेला नसतो. माइक कातड्यासमोर न ठेवता लहान तोंडापासून चार बोटे दूर ठेवा आणि बोटाच्या टोकाने वाजवा. आघात जवळजवळ ऐकूच येत नाही, नुसता हवेचा हुंकार येतो. मी एका गिटारवादक मैत्रिणीबरोबर असे वाजवतो, आणि तळवा किती वेळ झाकून ठेवायचा हे तिच्या लूपच्या लांबीवर ठरवतो. ठेका धरत नाही.

डग्गा_उजवीकडे (सांगली)

हे डग्ग्यावरही होते. मनगटाचा दाब वाढवत नेला की घुमारा चढतो. ठेका न धरता नुसता घुमारा देत बसणे तबलजीला फार जड जाते, हात शिवशिवतात. पण सहावी_तार यांच्या मित्राने रोज दहा मिनिटे फक्त डग्गा घेऊन बसावे आणि आपल्या श्वासाएवढ्या अंतराने एकेक ‘गे’ द्यावा. तिसऱ्या दिवसापासून कानाला चव लागते.

सुराचेही पाहा. तुमची गिटार कोणत्या पट्टीत लावता, आणि तबला कोणत्या?

सहावी_तार (पुणे)

गिटार मी नेहमीच्या जुळणीत न ठेवता डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावतो. पांढरी दोनचा (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरला तर मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा बोलतात. त्यात गंधार नसल्यामुळे कोमल की शुद्ध हे शेवटपर्यंत ठरवावे लागत नाही. मित्राचा तबला काळी एकचा आहे.

डग्गा_उजवीकडे (सांगली)

अर्ध्या स्वराचा फरक घेऊन तुम्ही महिनोन्‌महिने वाजवत आहात? मग तबला वाजला की अस्वस्थ वाटत असणार, आणि तुम्ही दोघेही त्याचे खापर लयीवर फोडत असणार. तबला हातोडीने पांढरी दोनपर्यंत चढवता येईल, पण पुडी (तबल्याचे कातडे) फार ताणलेली असेल तर तसे करू नये. त्यापेक्षा तुम्ही सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवा. गिटार ऐकते, पुडी ऐकत नाही.

सहावी_तार (पुणे)

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. काल एका परिचितांच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसांसमोर वाजवले. गिटार अर्ध्या स्वराने उतरवून काळी एकला आणली होती. पहिल्या पाच मिनिटांतच मित्राने माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. तीन वर्षांत प्रथमच त्याच्या तबल्याची चाट (पुडीच्या कडेचा नाद) आणि माझी चौथी मोकळी तार एका सुरात बोलत होती.

सुरुवातीची वीस मिनिटे तानपुऱ्याच्या जातीचे तीन लूप ठेवले, फीडबॅक ८० टक्क्यांवर. मित्र फक्त डग्ग्यावर होता. त्याने रोज दहा मिनिटांचा तो सराव कुरकुरत का होईना केला होता, आणि तो एकेक घुमारा इतक्या सावकाश देत होता की मीच अधीर होऊन दोनदा मध्ये बोललो, ते बोलायला नको होते. मग झीलकरी यांचे तुणतुणे आणले: खालची तार तळव्याने दाबून एक आघात, साधारण दीड सेकंदाचा लूप. माझा पाय पुन्हा थोडा उशिराच पडला, कारण अनवाणी पायाला बटणाचा खटका लागला की मी क्षणभर थबकतो ही सवय अजून गेलेली नाही. पण या वेळी कोणाच्या कानात मेट्रोनोम नव्हता. मित्राने दिमडी उचलली, चार-पाच ठोके नुसते ऐकले आणि त्यावर सात मात्रा धरल्या. पुढे त्याने सातांचे पाच कधी केले ते मला कळले नाही. लूप त्याच्याखाली तसाच चालला होता.

लेहऱ्याच्या जातीचा लांब लूप आम्ही या खेपेस बांधलाच नाही. त्याची भीती अजून गेलेली नाही हे मान्य करतो.

शेवट कसा करायचा हे ठरले नव्हते. तुणतुण्याचा लूप मी बंद केला, लांब लूपवर नवा सूर चढवणे थांबवले आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. मित्र घटमावर एका बोटाने वाजवत होता, तोही थांबला. लूप विरायला त्यानंतर मिनिटभर लागले. त्या मिनिटात आम्ही दोघेही श्रोत्यांबरोबर बसून ऐकत होतो, आणि शेवटी नेमका कोणता सूर गेला यावर घरी परतताना गाडीत आमचा वाद झाला. तो म्हणतो पंचम, मी म्हणतो षड्ज. रेकॉर्डिंग आज रात्री ऐकणार आहोत.

फेडरवाली, अडॅप्टर बदलला.